ठमाबाईंच्या जागी बसलेली गोण

मित्रांनो, मी एक जुनी गोण आहे. माझ्या अंगावर तीन निळ्या पट्ट्या होत्या, त्यातली आता एकच ओळखू येते. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. भिवंडीजवळच्या अंजूर गावात एका गोदामाच्या दारात मी पायपुसणं होऊन पडलेली असते, आणि येणारा-जाणारा माझ्यावर चिखल पुसतो. पुसू दे. पण तुम्हाला म्हणून सांगते, एके काळी मी एका दिवसापुरती माणूस होते. माझं नाव ठमाबाई होतं. आणि त्याच दिवशी, भर दुपारी, सगळ्या गावादेखत मी खाडीत बुडाले.

तुम्ही हसाल. हसा, पण पुढचं ऐका.

माझा जन्म दूर बंगालमध्ये तागाच्या गिरणीत झाला. अंग नवं, वास नवा, शिवण अशी घट्ट की सुई घुसायची नाही. रेल्वेने, मग ट्रकने मी भिवंडीला आले ती पोटात पांढरी खळ घेऊन. कामतघरला सायझिंगचा कारखाना होता. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, म्हणजे ते ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. चोवीस तास लूमची खडखड, वाफ, घाम आणि चहा. तिथे माझा मान मोठा होता. 'माल आला, माल आला' म्हणून मला दोघे जण उचलून नेत. पण तो मान माझा नव्हता, पोटातल्या खळीचा होता, हे मला पोट रिकामं झाल्यावर कळलं. मुकादम म्हणाला, "खाली बोरी बाजू में डाल दे, कोई ले जाएगा." मी बाजूला पडले. रिकाम्या गोणीला कोण विचारतो? ज्याचं पोट भरलेलं, त्याचीच उठबस, ही रीत मी तेव्हाच शिकले.

मला ज्याने नेलं त्याचं नाव चांगदेव. अंजूरचा माणूस. त्याच्या बापाची खाडीवर वल्ह्याची होडी होती, रुंद बुडाची, म्हशीसारखी संथ. अलीकडच्या काठावरची माणसं पलीकडच्या गावाला न्यायची आणि आणायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली आणि चांगदेवने नवी इंजिनची होडी केली. वर ऊन लागू नये म्हणून छप्पर, आत दोन्ही कडांना उंच बाक, रंग हिरवा. परवान्याआधीच थोड्या माणसांच्या दोन-चार खेपाही झाल्या, गाव खूश होतं. पण इंजिनच्या होडीला परवाना लागतो, आणि ती किती माणसं नेऊ शकते हे ठरल्याशिवाय परवाना मिळत नाही. ते ठरवायला बंदर खात्याचे साहेब येणार होते. साहेबांनी निरोप धाडला होता: होडी तयार ठेवा, आणि भरपूर रिकाम्या गोणी आणि वाळू तयार ठेवा.

म्हणून चांगदेव आम्हाला घ्यायला कामतघरला आला. रिक्षात कोंबून नेताना तो रिक्षावाल्याला सांगत होता, "यंदा पोराचा लगीन हाय. अख्खा वऱ्हाड येका होरीत नेनार. येक मानूस मागं ठेवनार न्हाय."

हे त्याच्या मनात का होतं, तेही सांगते. चांगदेवचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड बापाच्या वल्ह्याच्या होडीतून तुकड्यातुकड्यांनी पोचलं होतं. शेवटची खेप पोचेपर्यंत सासरच्या पोरांचं जेवण झालं होतं. तेव्हापासून सासरवाडीत त्याला 'तुकड्यांचा नवरा' म्हणत. पंचवीस वर्षं झाली, माणूस बाप झाला, सासरा व्हायची वेळ आली, तरी चिडवणं संपलं नव्हतं. त्याचा मुलगा काळूराम याची सोयरीक पलीकडच्या काठावरच जमली होती. चांगदेवने तिथे छाती ठोकून सांगितलं होतं की आमचं वऱ्हाड एका दमात येईल. सगळ्या होडीचा खटाटोप त्याच एका शब्दासाठी होता, असं म्हटलं तरी चालेल.

साहेब सकाळी आले. किडकिडीत, डोक्यावर टोपी, हातात फीत. आधी त्यांनी चहा घेतला, मग बाक मोजले. खांद्याला खांदा लावून किती माणसं बसतील? एक उत्तर आलं. मग मधली मोकळी जागा मोजली. दुसरं उत्तर आलं. छपराला टांगलेली लाल-पांढरी तरंगती कडी मोजली, एका कड्याला किती माणसं धरून तरंगतील याचा हिशेब केला. तिसरं उत्तर. मग म्हणाले, "आता पाण्याला विचारू. या सगळ्यांत जे उत्तर सर्वांत लहान, ते तुमचं."

चांगदेवला हे पटलं नाही. "सगल्यात मोठा का न्हाय, साहेब?"

"बाकावर जागा आहे म्हणून पाणी दया करत नाही," साहेब म्हणाले.

पाण्याला विचारायचं म्हणजे काय, तर आम्ही गोणींनी माणसं व्हायचं. वाण्याचा काटा आणला. प्रत्येकीत सारखी वाळू भरली, एका माणसाचं वजन होईल इतकी. साहेबांनी सांगितलं की इथे जाडा-रोडका असा भेद नसतो. एक मधला माणूस धरायचा, आणि तो रिकाम्या हाताने येत नाही म्हणून त्याची पिशवीही त्यातच धरायची. काठावर जमलेल्या बायकांना याचं फार हसू आलं. सासू आणि सून एकाच वजनाच्या! मग पोरांना चेव आला. कोणीतरी खडू आणला आणि आमच्यावर नावं लिहायला सुरुवात झाली. ही राहीबाई, हा लडकू, हा अमका, ही तमकी. ज्याची जी रोजची जागा, तिथे त्याची गोण. मला पुढच्या बाजूला, खाडीतल्या खडकावरच्या देवीकडच्या कडेच्या पहिल्या जागी बसवलं आणि माझ्यावर लिहिलं, ठमाबाई.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. आजवर मला कोणी नाव दिलं नव्हतं. माल, बोरी, गोण, एवढंच. आता मला नाव होतं, जागा होती, शेजारी होते. मी ताठ बसले.

आता या ठमाबाई कोण? त्या गावातल्या धवलारीण. आगरी लग्नात धवला म्हणजे लग्नाची गाणी गायला जी बाई बसते ती धवलारीण. ती गायला लागल्याशिवाय हळद लागत नाही आणि लग्न पुढे सरकत नाही. ठमाबाईंचा आवाज खणखणीत, अंग भारी, जीभ त्याहून भारी. त्या काठावर बसून आमच्याकडे रोखून बघत होत्या.

साहेबांनी गोणी वाढवत नेल्या. होडीची कड पाण्याच्या वर किती राहते ते बघत गेले. मग त्यांच्या रीतीप्रमाणे काही गोणी एका बाजूला सरकवल्या. होडी थोडी कलली आणि सावरली. साहेबांनी मान हलवली. "चाळीस," ते म्हणाले.

काठावर टाळ्या पडल्या. चांगदेवने काळूरामच्या पाठीत आनंदाने धपाटा घातला. आणि तेवढ्यात ठमाबाई उठल्या.

"साहेब, ही माजी गोन न्हाय."

साहेब म्हणाले, "का हो आजी?"

"मी देवीजवल आली का उठतंय, हात जोरतंय. ही मेली बसूनच हाय. माज्या नावाची हाय तं माज्यासारकी वागाला नको?"

लोक पोट धरधरून हसले. पण ठमाबाईंचा राग खरा होता. आपल्या नावाची कोणी देवीसमोर बसून राहते, हे त्यांना अपमानाचं वाटत होतं. खाडीच्या मध्यावर गेलं की एका अंगाला खडकावर शेंदूर फासलेली देवी दिसते. होडी तिच्या समोर आली की सगळी माणसं उठतात, त्या बाजूला जातात, हात जोडतात, कोणी फूल सोडतं. आजवर कोणी चुकलेलं नाही.

साहेब हसत होते ते थांबले. "सगळे उठतात?"

"सगलेच," चांगदेव अभिमानाने म्हणाला. "आनि साहेब, होरीबी देवीच्या पाया परते. वाकते. जुनी थोरी वाकायची. ही नवी जास्ती वाकते. लय भक्तीची हाय."

गावात याचं मोठं कौतुक होतं. नव्या होडीची भक्ती जुन्या होडीपेक्षा जास्त, असं बायका एकमेकींना सांगत. काही जणी तर ती वाकली की तिच्याच पाया पडत.

साहेबांनी होडीच्या जड छपराकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "थोडे लोक एका बाजूला गेले तर काय, एवढं मी पाहिलं. रीत सगळीकडची असते, पण देवी इथली आहे. आजी म्हणतात तसं करू. सगळ्या गोणींना नमस्कार करू दे."

होडी धक्क्याला लांब दोरांनी बांधलेली होती. आत काळूराम आणि दोन तरणे गडी, तिघेही पट्टीचे पोहणारे. त्यांनी धक्क्याकडच्या बाकावरच्या गोणी एकेक करून खाडीकडच्या, म्हणजे देवीच्या बाजूला आणायला सुरुवात केली. काठावरची पोरं नावं घेऊन ओरडत होती. "आली राहीबाई! आला लडकू! जोर हात!" सुरुवातीला मजा होती. होडी वाकायला लागली तशी एक म्हातारी सवयीने हात जोडून उभी राहिली. माझ्या पाठीवर एक गोण टेकली, मग तिच्यावर दुसरी. पाणी माझ्या अगदी तोंडापाशी आलं. आणखी दोन गोणी सरकल्या आणि होडी जी वाकली ती वाकतच गेली. कडेवरून पाणी आत आलं. मी पहिल्या जागी होते. मी पहिली गेले.

"गेली ठमाबाई!" एक पोरगा ओरडला. चेष्टेतच ओरडला होता, पण शेवटचं अक्षर त्याच्या तोंडात अर्धं राहिलं. माझ्यामागे राहीबाई, लडकू आणि आणखी चार-पाच जण गडगडत पाण्यात पडले. आम्ही पडलो म्हणून होडी हलकी झाली आणि छपरासकट डुलत सावरली. काळूराम खांबाला मिठी मारून उभा होता.

ज्यांची नावं बुडाली होती ते सगळे काठावरच उभे होते, आणि प्रत्येक जण पाण्यातल्या आपल्या बुडबुड्यांकडे बघत होता. खरे लडकू, चांगले दांडगे गृहस्थ, पाण्यापासून दोन पावलं मागे सरले. ठमाबाई हळूच म्हणाल्या, "आये, ती तं मीच व्हती." मी तळाच्या चिखलात रुतले होते, हे सगळं मला मागून कळलं. पण खरं सांगते, मला दुःख झालं नाही. माणसाच्या जागी बसायचं तर त्याच्या वाट्याचं सगळंच घ्यावं लागतं.

साहेबांनी पुन्हा मोजणी केली. या वेळी दर खेपेला सगळ्या गोणी देवीकडे. काही कमी केल्या, पुन्हा पाहिलं, आणखी कमी केल्या. शेवटी म्हणाले, "चोवीस. चोवीस माणसं एकदम उठून एका बाजूला गेली, तरी ही होडी वाकेल आणि परत उठेल. पंचविसाव्याची हमी मी देणार नाही."

चांगदेवचा चेहरा उतरला. त्याने हात जोडले. "साहेब, आमी उठनारच न्हाय. बसूनच हात जोरू. देवीची शपत घेतो सगली."

साहेबांना त्याची दया आली असावी, आवाज मऊ होता. "देवीची शपथ घ्याल आणि देवी दिसली की विसराल. मला वाळू मोजता येते, शपथ मोजता येत नाही."

होडीच्या कडेवर पांढऱ्या रंगात आकडा लिहिला गेला. साहेब गेले. ओहोटीला काळूरामने चिखलातून आम्हाला ओढून काढलं. माझ्या धाग्याधाग्यांत कारखान्याच्या वाफेत मुरलेली खळ होती. उन्हात वाळल्यावर मी अशी कडक झाले की वाळूसकट बसले तिथेच बसले. मग मला तिथेच धक्क्यावर राहू दिलं. माझ्यावरचा खडू पाण्याने गेला होता, पण नाव राहिलं. लोक जाता-येता म्हणत, "ही बघा आपली बुडालेली ठमाबाई." खऱ्या ठमाबाई मला भैन म्हणत, आणि होडीची वाट बघताना माझ्यावरच बसत. भारी होत्या हो.

मग वैशाखात काळूरामचं लग्न आलं. होडीला केळीचे खुंट बांधले, आंब्याच्या पानांची तोरणं लावली. एक तोरण चांगदेवने स्वतः, कडेवरच्या आकड्यावर बांधलं. घट्ट बांधलं. आकडा दिसेना. मी धक्क्यावरून बघत होते आणि मला ओरडता येत नव्हतं. गोणीला तोंड असतं, पण ते बोलायचं नसतं.

वाजंत्री वाजायला लागली. माणसं चढायला लागली. बाकावर दाटी, मध्ये दाटी, कडेवर पोरं, मांडीवर लेकरं. पाणी चढत चढत तोरणाच्या पानांना लागलं. तरी चांगदेव हात करत होता, "या, या! मागं कोन राहू नका!" त्याचा चेहरा आनंदी होता, पण त्याची नजर पाण्याकडे जात नव्हती. बापाच्या मनातला तो एकच शब्द होता ना, एका दमात. आणि देवीसमोर हे सगळे उठणार होते. लग्नाच्या दिवशी तर उठणारच.

शेवटी ठमाबाई आल्या. हिरवी साडी, केसांत अबोली. त्यांनी होडीकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि येऊन माझ्यावर फतकल मारून बसल्या.

"काकी, चल, लवकर!" चांगदेव म्हणाला.

"जा तुमी. मी मागल्या खेपेला येतंय."

"मागली खेप न्हाय, काकी. येकच हाय."

"मंग मी येत न्हाय. माजी भैन येकदा बुरली, माज्या नावानं बुरली. आता मी बुरनार न्हाय."

चांगदेव काकुळतीला आला. "काकी, मुहूर्त टलल! तिकरं धवला कोन गानार?"

"मीच गानार," ठमाबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग तुमाला घाई कसली रं?"

वाजंत्री थांबली. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ठमाबाई पोचल्याशिवाय पलीकडे काहीच सुरू होणार नव्हतं. आधी पोचलेला आणि नंतर पोचलेला, दोघांनाही त्यांच्याचसाठी थांबायचं होतं. सर्वांत आधी नवरामुलगा उठला. काळूराम मुंडावळ्या सावरत होडीतून उतरला आणि ठमाबाईंच्या शेजारी, माझ्या कडेला टेकून धक्क्यावर बसला. त्या दिवशी खांबाला मिठी मारून उभा होता तोच. "आबा, मी काकीसंगती येतो," एवढंच म्हणाला.

नवराच उतरला, मग वऱ्हाड बसून काय करणार? एकेक जण उतरू लागला. होडी वर आली, तोरणाची पानं पाण्याबाहेर निघाली, त्यांतून पाणी ठिबकत होतं. मग चांगदेवने पुढे वाकून ते तोरण सोडलं. तेव्हा त्याचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

वऱ्हाड तुकड्यातुकड्यांनी गेलं. प्रत्येक खेपेला माणसं देवीसमोर उठली, होडी वाकली आणि परत उठली. शेवटच्या खेपेत नवरा आणि ठमाबाई. पलीकडच्या पोरांनी चिडवायचं ते चिडवलंच, "तुकड्यांचा नवरा, तुकड्यांचा पोरगा!" पण म्हणे ठमाबाईंनी मांडवात बसल्या बसल्या धवल्यात एक नवीनच ओळ घातली, 'चोवीस चोवीस आलं गो, सगलं गाव आलं', आणि चिडवणारी पोरंही मागून म्हणायला लागली. परतताना चांगदेव ती ओळ गुणगुणत होता.

पुढे बरीच वर्षं होडी चालली. देवीच्या उत्सवाला ठमाबाई माझ्यावर झेंडूचं एक फूल ठेवत. त्या खूप म्हाताऱ्या होऊन, घरी, अंथरुणावर, नातवंडांच्या देखत गेल्या. त्या दिवशी मी धक्क्यावर एकटी होते. कोणी माझ्यावर बसलं नाही.

मग रस्ते झाले, रिक्षा झाल्या, भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. खाडीने कोण जातो आता? होडी काठावर उपडी पडली आहे, तिच्याखाली कोंबड्या बसतात. माझी वाळू ओतून टाकली आणि काळूरामने मला आपल्या गोदामाच्या दारात आणून टाकलं. तो माझ्यावर पाय पुसत नाही, बाजूने जातो. बाकीच्यांना काय माहीत? त्याची पोरं भिवंडीला जाणाऱ्या रिक्षात आठ-आठ जण लटकून बसतात. मागे तीन प्रवासी असं लिहिलेलं असतं, ते त्यांना दिसत नाही. त्या आकड्यावर तोरण नाही, तरीसुद्धा दिसत नाही.

मित्रांनो, होडीवर, बसवर, जत्रेतल्या पाळण्यावर, लिफ्टमध्ये कुठेतरी असा एक आकडा लिहिलेला असतो. तो कोणाच्या मनात आला म्हणून लिहिलेला नसतो. तुम्ही बसायच्या आधी तुमच्या जागी कोणीतरी बसून पाहिलेलं असतं. तो वाचा. आणि जागा भरलेली असेल तर ठमाबाईंसारखं काठावर मांडी घालून बसा आणि सांगा, तुम्ही व्हा पुढे, मी मागल्या खेपेला येते.